कोंवळें पान आणि आजारी पान



आज मी ज्या झाडांविषयीं बोलणार आहें तीं आपल्या महाराष्ट्रांतलीं नव्हेत. देवदार, कैल, राई, तोस हीं हिमालयांत ऐकूं येणारीं नांवें. युरोप-अमेरिकेंत त्यांचे भाऊबंद पाइन, स्प्रूस, फर ह्या नांवांनीं ओळखले जातात. ह्या सर्वांचें पान सुईसारखें बारीक असतें, म्हणून त्यांना सूचिपर्णी वृक्ष म्हणतात. कोंकणच्या किनाऱ्यावर सुरूचीं बनें आहेत आणि त्यांची पालवीहि दुरून तशीच दिसते. परंतु सुरू हा सूचिपर्णी नव्हे. तो फुलझाडांच्या कुळांतला आहे, आणि ज्यांना आपण त्याच्या सुया समजतों त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या होत.

तीन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत मुलीच्या बिऱ्हाडाबरोबर मी सिमल्याच्या पुढें नारकंड्यास गेलों होतों. हें ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारें २७०० मीटर उंच आहे. सकाळीं नातवाला घेऊन फिरावयास निघालों, तों रस्त्याच्या कडेच्या एका राईच्या झाडाकडे माझें लक्ष गेलें. झाड आंतून गर्द हिरवें, जवळजवळ काळसर; पण प्रत्येक फांदीचें टोंक फिकट, पोपटी आणि किंचित् पिवळट. शेजारचीं झाडें पाहिलीं, तींहि तशींच. मीं नातवाला सांगितलें, "हीं झाडें आजारी आहेत. शेंड्याकडून पिवळीं पडत चाललीं आहेत." मागून जंगल खात्याचा एक वृद्ध रखवालदार येत होता. तो हंसला आणि हिंदींत म्हणाला, त्याचा आशय असा: "बाबूजी, ही बिमारी नव्हे, हीं यंदाचीं पानें आहेत. पावसाळ्यानंतर या, म्हणजे टोंक कोणतें आणि आंतली फांदी कोणती हें तुम्हांला रंगावरून सांगतां येणार नाहीं." मग त्यानें थोड्या अंतरावरचें दुसरें झाड दाखविलें. तें मला चांगलें हिरवें दिसत होतें. तो म्हणाला, "हें मात्र जाणार. फांदी उचलून आंत पहा." मीं फांदी उचलून पाहिली. टोंकाशीं तेवढीं पानें होतीं. आंतली फांदी उघडी होती.

आयुष्यभर मुलांच्या चुका काढलेल्या मास्तराच्या पंधरा मिनिटांत दोन चुका निघाल्या. निरोगी झाडाला मीं आजारी म्हटलें, आणि आजारी झाडाला निरोगी. ह्याचें कारण काय, हें शोधण्यासाठीं घरीं परतल्यावर मीं जें वाचलें त्याचें सार आज तुमच्यापुढें ठेवणार आहें. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. तेव्हां जें मला समजलें तेंच, समजलें तसें, सांगेन.

प्रथम ह्या झाडांची एक रीत ध्यानांत घेतली पाहिजे. पळस, सावर, पिंपळ ह्यांचीं पानें वर्षाकांठीं गळतात आणि नवीं येतात; म्हणजे झाडावरचीं सर्व पानें जवळजवळ एका वयाचीं असतात. सूचिपर्णी झाडांचें, लार्चसारखे थोडे अपवाद सोडले तर, तसें नसतें. पाइनच्या फांदीवर दोन-तीन वर्षांचीं पानें एकाच वेळीं नांदतात. स्प्रूसच्या फांदीवर पांच-सहा वर्षांचीं, केव्हां केव्हां त्याहूनहि अधिक. अमेरिकेंत ब्रिसलकोन नांवाचा एक पाइन आहे, त्याची एकेक सुई तीस तीस वर्षें टिकते. सूचिपर्णी झाडाची फांदी म्हणजे एक एकत्र कुटुंबच म्हणा ना! टोंकाशीं यंदाचें बाळ, त्यामागें गेल्या सालचीं, त्यामागें त्याहून थोरलीं, आणि अगदीं आंत म्हातारीं मंडळी. प्रत्येक वर्षाची वाढ जेथें थांबते तेथें कळीच्या खवल्यांचे वण कड्यासारखे राहतात. टोंकाकडून आंत येत ते वण मोजले, कीं कोणतें पान किती वर्षांचें हें सांगतां येतें. रखवालदाराला हें कोणा पुस्तकानें शिकविलें नव्हतें. तो फांदी नुसती पाहून वाचीत होता.

आतां पान आणि प्रकाश ह्यांचा संबंध पाहूं. सूर्याचा पांढरा प्रकाश लोलकांतून नेला म्हणजे त्याचे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंग पसरतात, हें आपण सर्व शाळेंत शिकलों आहोंत. १८०० सालीं विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदानें ह्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथेंहि पारा चढला. तेथें जे न दिसणारे किरण पडत होते त्यांना आतां अवरक्त किरण म्हणतात. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्यें मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जांश. आपल्या डोळ्यांना साधारणपणें ४०० पासून ७०० पर्यंतचा प्रकाश दिसतो. त्यापुढें अवरक्ताचा प्रांत सुरू होतो.

रेडिओवर फळा नसतो, ही आम्हां मास्तरांची मोठी अडचण आहे. म्हणून मी तुम्हांला आलेख काढून न दाखवितां आपल्या परिचयाचा एक देखावा डोळ्यांसमोर आणण्यास सांगतों. समजा, आपण कोंकणच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे निघालों आहोंत. जमिनीची उंची म्हणजे पानावरून परत फिरणाऱ्या प्रकाशाचें प्रमाण. समुद्राकडची बाजू निळ्या रंगाची. पूर्वेकडे जावें तशी तरंगलांबी वाढत जाते. निळा आणि तांबडा ह्या दोन्ही रंगांचा प्रकाश पानांतील हरितद्रव्य शोषून घेतें व त्यावर पान आपलें अन्न तयार करितें. म्हणून ह्या भागांत जमीन सखल. तांबड्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं निरोगी पान चार-पांच भागच परत पाठवितें. मध्यें ५५० च्या सुमारास एक बुटकी टेंकडी लागते. तीच आपल्याला दिसणारी हिरवाई. मग ६८० च्या पुढें एकदम सह्याद्रीचा कडा उभा राहतो. ७५० पर्यंत तो चढून गेलें कीं देशाचें पठार लागतें. तेथें शंभरांपैकीं चाळीस-पन्नास भाग प्रकाश पान परत फेंकतें, कारण ह्या किरणांचें हरितद्रव्याला कांहीं काम नसतें, आणि पानाच्या आंतल्या पेशींच्या भिंती व त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या ह्यांवर आपटून ते चहूंकडे विखुरतात. पठारावरून आणखी पूर्वेस गेलें म्हणजे १४५० आणि १९४० च्या आसपास दोन खोल दऱ्या लागतात. त्या पाण्यानें कोरलेल्या असतात, म्हणजे पानांतील पाणी तो प्रकाश गिळतें. पानांत पाणी जितकें अधिक तितकी दरी खोल.

हें पठार किती उंच आहे ह्याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ह्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेलीं छायाचित्रें पहावींत. त्यांनीं केवळ अवरक्त प्रकाशांत झाडांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत आकाश काळें आणि झाडें बर्फ पडल्यासारखीं पांढरीं शुभ्र दिसतात. आपण ज्या झाडाला हिरवें म्हणतों तें ह्या दृष्टीनें पाहिलें तर मुख्यतः अवरक्त आहे. हिरवा रंग ही त्यांतली एक लहानशी टेंकडी.

ह्या सर्व भूगोलांत सर्वांत बोलका भाग म्हणजे तो कडा. शास्त्रज्ञ त्याला तांबडी कड म्हणतात. पानांत हरितद्रव्य भरपूर असलें म्हणजे तें तांबड्या रंगाच्या शेवटपर्यंतचा प्रकाश खाऊन टाकतें, आणि कडा पूर्वेकडे रेंटला जातो. हरितद्रव्य घटलें म्हणजे त्याची पकड सैल होते आणि कडा समुद्राकडे सरकतो. हा सरकणें-रेंटणें फार थोडें असतें, आणि तें अशा ठिकाणीं होतें कीं जेथें आपली दृष्टि जवळजवळ संपलेली असते. म्हणून झाड डोळ्यांना हिरवेंगार दिसत असतांच यंत्राला त्याचें दुखणें कळूं शकतें.

ह्याचा उपयोग कसा झाला तें सांगतों. अमेरिकेच्या व्हरमाँट संस्थानांत कॅमल्स हंप नांवाचा डोंगर आहे. त्यावर लाल स्प्रूसचें जुनें जंगल होतें. १९६५ ते १९७९ ह्या काळांत तेथील लाल स्प्रूसचें प्रमाण निम्म्याच्या आसपास घटलें. ना वणवा, ना कुऱ्हाड. त्याच सुमारास जर्मनींतहि स्प्रूस आणि फर ह्यांचीं जंगलें विरळ होत चाललीं होतीं. तेथें लोकांनीं ह्या संकटाला वाल्डस्टेर्बेन, म्हणजे वनांचें मरण, असें नांव दिलें. कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांचा गंधकयुक्त धूर शेंकडों मैल वाहत येई आणि पाऊस व धुकें आंबट करी. तें आंबट धुकें लाल स्प्रूसच्या सुयांतील कॅल्शियम धुऊन नेई. त्यामुळें त्या कडाक्याच्या थंडींत टिकत ना, आणि हिंवाळा संपतां संपतां तांबूस होऊन गळून पडत.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरेट रॉक आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं व्हरमाँटमधील आजारी झाडें आणि जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांतांतील आजारी झाडें ह्यांचा प्रकाश मोजला. १९८८ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन्ही ठिकाणीं आजारी झाडांचा कडा निरोगी झाडांच्या मानानें सुमारें पांच नॅनोमीटर निळ्या बाजूला सरकलेला आढळला. पांच नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचे वीस कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग! परंतु महासागराच्या दोन्ही तीरांवर तोच एक भाग साक्ष देत होता.

येथवर ऐकून कोणासहि वाटेल कीं आतां काम सोपें झालें. कडा सरकला कीं झाड आजारी, न सरकला कीं निरोगी. परंतु येथेंच माझी नारकंड्याची चूक पुन्हां आडवी येते.

नवी सुई उमलते तेव्हां तिच्यांतहि हरितद्रव्य थोडेंच असतें. तें उन्हाळाभर हळूंहळूं सांचत जातें. म्हणून कोंवळ्या सुईची हिरवी टेंकडी उंच आणि तिचा कडा समुद्राकडे सरकलेला असतो. अगदीं आजारी सुईसारखा. दुसऱ्या वर्षीं सुई गर्द होते, कडा पूर्वेस जातो. मग कांहीं वर्षें ती जोमांत असते, आणि अखेरीस तिच्यांतील हरितद्रव्य ओसरूं लागून कडा पुन्हां मागें येतो. पांढऱ्या पाइनचीं आंतलीं जुनीं पानें दर शरद्‌ऋतूंत पिवळीं होऊन गळतात, आणि दर शरद्‌ऋतूंत तेथील नवखे बागवाले झाड मेलें म्हणून घाबरतात. तें दुखणें नव्हे, तें म्हातारपण. तात्पर्य असें कीं बाल्य, वार्धक्य आणि रोग हे तिघेहि कड्याला एकाच दिशेनें ओढतात. आपल्याकडे आंब्याला तांबूस पालवी फुटते तेव्हां तिला कोणी आजारी म्हणत नाहीं, कारण ती पालवी आहे हें आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतें. वय ठाऊक नसेल तर रंगाचा अर्थ लागत नाहीं.

ही गोष्ट वाचतांना मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची आठवण झाली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शाळेंत मुलांची उंची व वजन मोजून अशक्त मुलांची यादी करावयाची होती. मीं चौथीच्या वर्गाचीं वजनें घेतलीं आणि सर्वांत कमी वजनाच्या मुलाचें नांव यादींत पहिलें घातलें. पोरगा फिकट, किरकोळ. त्याच्या बापाला शाळेंत बोलावून चारचौघांत विचारलें, "मुलाला खावयास घालतां कीं नाहीं?" तो शेतमजूर टोपी हातांत घेऊन उभा होता. म्हणाला, "गुरुजी, पोरगं दोन सालांनं ल्हान हाय. भनीसंगं साळंत यायचा हट धरला, म्हून नांव घातलं. जलमाची तारीख तुमच्याच हापिसानं एक जून टाकली." मीं हजेरीपट पाहिला. निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून होती.

इतक्यावर भागलें असतें तर केवळ माझी फजिती झाली असती. परंतु त्याच वर्गांत दोनदां नापास झालेला एक थोराड मुलगा होता. त्याचें वजन वर्गाच्या मानानें चांगलें होतें, म्हणून तो माझ्या यादींत आला नाहीं. त्याच्या वयाच्या मानानें तें फार कमी होतें. तीन-चार महिन्यांनीं त्याला क्षयाची बाधा असल्याचें निघालें. औषधोपचार झाले, मुलगा वांचला. पण ते तीन-चार महिने माझ्या हिशेबीं राहिले. वजनकांटा खरा होता, आंकडे खरे होते. मीं वय विचारलें नव्हतें.

शास्त्रज्ञांनीं ह्या अडचणींतून वाट कशी काढली? एक वाट त्या पूर्वेकडच्या दऱ्यांतून जाते. कोंवळ्या सुईंत पाणी पुष्कळ असतें, म्हणून तिच्या दऱ्या खोल. वयाबरोबर सुईच्या वजनांतील पाण्याचा वांटा कमी होतो, आणि दऱ्या उथळ होत जातात. रोगानें किंवा अवर्षणानें वाळूं लागलेल्या सुईच्या दऱ्याहि उथळ होतात. तेव्हां कडा मागें आणि दऱ्या खोल, तर ती बहुधा कोंवळी. कडा मागें आणि दऱ्या उथळ, तर चिंता करावी. अवरक्तांतील १६५० आणि ८३० ह्या तरंगलांबींच्या जवळ परत येणाऱ्या प्रकाशाचें गुणोत्तर घेऊन पाण्याची ही तूट उपग्रहावरूनहि अजमावतां येते, आणि व्हरमाँटच्या डोंगरांवरील स्प्रूसची हानि ह्याच रीतीनें नकाशावर आणली गेली. परंतु दुखणें अगदीं सुरुवातीचें असेल तर पाणी घटलेलें नसतें. शिवाय जुनी निरोगी सुईहि थोडी कोरडीच असते. म्हणून दुसरी वाट अधिक भरंवशाची. ती म्हणजे रखवालदाराची: फांदी हातांत घ्यावी, वण मोजावे, आणि यंदाची सुई यंदाच्या सुईशीं, गेल्या सालची गेल्या सालच्या सुईशीं ताडून पहावी.

ह्या कामीं त्या देशांत शाळकरी मुलें उपयोगीं पडलीं, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. १९९१ सालीं रॉक ह्यांनीं 'फॉरेस्ट वॉच' नांवाचा उपक्रम काढला. न्यू इंग्लंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थानांतील शाळांनीं आपल्या परिसरांतील पांढरे पाइन निवडले. ह्या पाइनच्या सुया पांच-पांचच्या जुडीनें येतात. आपल्या हिमालयांतील कैलच्याहि तशाच येतात; दोघे एकाच कुळांतले. पांढऱ्या पाइनला ओझोन वायु सोसत नाहीं. मोटारी व कारखाने ह्यांच्या धुरावर उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत हा वायु तयार होतो, सुईच्या सूक्ष्म रंध्रांतून आंत शिरतो आणि हरितद्रव्याचा नाश करितो. सुईवर पिवळे ठिपके पडतात, टोंक करपतें, आणि पान अकालीं गळतें.

मुलांनीं तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद असा तुकडा आंखून घ्यावयाचा. इतकाच तुकडा त्या वेळच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांत एका ठिपक्याएवढा दिसे. मग फांद्या आणून सुयांची लांबी मोजावयाची, ठिपके आणि करपलेलीं टोंकें मोजावयाचीं, फांदीवर किती सालांचीं पानें टिकलीं आहेत हें पहावयाचें, आणि कोणती सुई कोणत्या सालची हें वेगळें लिहून नमुना विद्यापीठाकडे पाठवावयाचा. तेथें यंत्रानें कड्याची जागा मोजीत. वर्षांमागून वर्षें हें चाललें. १९९० सालीं अमेरिकेनें स्वच्छ हवेच्या कायद्यांत मोठी दुरुस्ती केली होती. हवा जसजशी निवळत गेली, तसतशी पाइनची प्रकृति सुधारत गेल्याचें ह्या मोजणींत दिसून आलें. व्हरमाँटच्या डोंगरांवर लाल स्प्रूसनेंहि एकविसाव्या शतकांत पुन्हां जोर धरला आहे. मेलेलीं झाडें परत आलीं नाहींत. परंतु जीं राहिलीं तीं वाढूं लागलीं.

आतां थोडें उपग्रहांविषयीं. पहिला लँडसॅट १९७२ सालीं आकाशांत गेला. २०१५ सालीं युरोपनें सोडलेल्या सेंटिनेल-२ ह्या उपग्रहावर तर तांबड्या कड्याच्या प्रदेशासाठींच तीन स्वतंत्र पट्टे ठेवलेले आहेत. परंतु उपग्रहाला फांदी उचलून पाहतां येत नाहीं. त्याला वरून कळस दिसतो. कोंवळीं-जुनीं पानें, सांवली, खोड आणि जमीन ह्यांची एकत्र गोळाबेरीज दिसते. जूनमध्यें निरोगी जंगलाचे सर्व शेंडे कोंवळे असतात, आणि हिशेब करणारा सावध नसेल तर सबंध डोंगर आजारी ठरतो. म्हणून ह्या वर्षाचें चित्र मागील वर्षाच्या त्याच पंधरवड्याच्या चित्राशींच ताडावें लागतें.

उलट बाजूची फसवणूक अधिक घातक. संकटांत सांपडलेलें झाड प्रथम जुनीं पानें टाकतें आणि नवीं राखतें. दुरून पाहिलें तर टोंकें हिरवीं, टवटवीत. आंत फांद्या रित्या. नारकंड्याचें दुसरें झाड असेंच होतें. अशा झाडाचें आजारपण पानाच्या रंगांत कमी आणि पानांच्या संख्येंत अधिक दिसतें. चांगल्या स्प्रूसच्या फांदीवर पांच-सहा सालांचीं पानें असावयास हवीं, तेथें दोन-तीनच सालांचीं उरलीं, तर रंग कितीहि चांगला असो, कुटुंबांतलीं वडील माणसें गेलीं आहेत हें ओळखावें.

आणखी एक शत्रु आहे, सालीखालीं राहणारा भुंगेरा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत एका लहानशा भुंगेऱ्यानें १९९० नंतरच्या दोन दशकांत सुमारें १ कोटी ८० लक्ष हेक्टर पाइनच्या जंगलाला उपद्रव दिला. मध्य युरोपांत २०१८ पासून ओळीनें अवर्षणें पडलीं. पाण्याविना दुबळ्या झालेल्या स्प्रूसवर तेथील भुंगेरे तुटून पडले, आणि जर्मनी व चेक देशांत डोंगरचे डोंगर उभे वाळले. भुंगेरा शिरल्यानंतर झाड कांहीं आठवडे हिरवेंच दिसतें. मग तांबूस होतें, मग राखी. तांबूस होईपर्यंत भुंगेऱ्याची नवी पिढी बहुधा शेजारच्या झाडांत गेलेली असते. जें करावयाचें तें झाड हिरवें आहे तोंवर केलें पाहिजे. म्हणून अनेक देशांतले वनाधिकारी त्या हिरव्या अवस्थेंतला कड्याचा सूक्ष्म बदल पकडूं पाहतात, आणि तेथेंहि पानाचें वय वारंवार त्यांच्या हिशेबांत घोटाळा करितें.

आपल्या देशांत आजारी झाड अवरक्त प्रकाशानें ओळखण्याचा प्रयत्न १९७० च्या सुमारासच झाला आहे. केरळांत नारळांना मुळांच्या रोगानें ग्रासलें होतें, तेव्हां पिशारोटी ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. आपल्या दूरसंवेदन विद्येचा आरंभ ह्याच प्रयोगापासून मोजतात. नारळ सूचिपर्णी नव्हे. पण माडाच्या झावळ्यांनाहि वय असतें, शेंड्यांत कोंवळी आणि खालीं जुनी, हें कोंकणांतल्या श्रोत्यांना मीं सांगावयास नको.

माझें सांगणें संपत आलें. तुमच्यापैकीं पुष्कळजण उन्हाळ्याच्या सुटींत सिमला, मनाली, नैनिताल येथें जातात. यंदा गेलांत तर देवदाराखालीं उभें राहून छायाचित्र काढून घ्याच. पण त्याबरोबर जवळ राईची किंवा कैलची खालची फांदी असेल तर ती न मोडतां हातांत घ्या, टोंकाकडून आंत या, वण मोजा, आणि किती सालांचीं पानें टिकलीं आहेत तें मुलांना मोजूं द्या. त्याला यंत्र लागत नाहीं. आणि टोंकें पिवळट दिसलीं तर माझ्यासारखी घाई करूं नका. आधीं वय विचारा.

त्या शेतमजुराचा तो लहान मुलगा पुढें माझ्याच शाळेंतून सातवी झाला, तेव्हां वर्गांत सर्वांत उंच होता.